कुलूपबंद घरांची शिरगणती

मांजरसुंब्याच्या चौकात सकाळी सहाला चहाच्या टपरीवर बसलं की कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. कोण कुठल्या रस्त्याला लागलंय, यावरून महिना कळतो. इथं चार दिशांना चार रस्ते फुटतात. उत्तरेचा घाट उतरून बीडला जातो, दक्षिणेचा चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरला. पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाई. पश्चिमेला पाटोदा, जामखेड आणि पुढं अहिल्यानगर, पुणे.

दसरा झाला की ट्रॅक्टर सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत सरपण, पत्र्याची पेटी, पिठाची गोणी, कोपीचे बांबू, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. धारूर, वडवणी, केज भागातल्या वाड्या-तांड्यांवरून निघालेल्या या ऊसतोड टोळ्या कुणी पश्चिमेकडं, कुणी दक्षिणेकडं वळतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकातल्या बेळगावपर्यंत जातात. जवळच्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींची यात्रा भरते. तेव्हा बाहेरची माणसं घाटावर येत असतात आणि आमची माणसं घाट सोडून चाललेली असतात. मार्च-एप्रिलात कारखान्यांचा पट्टा पडला की हीच माणसं उन्हानं काळवंडून परत येतात.

दुसरा एक ओघ आहे. तो रात्रीचा असतो आणि वर्षभर चालतो. पाठीला सॅक लावलेली पोरं पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी असतात. ती एप्रिलात परत येत नाहीत. दिवाळीला येतात, चार दिवस राहतात आणि पुन्हा त्याच गाडीत बसतात. माझा मुलगा त्यांतलाच. तो आता पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला राहतो.

मी या भागात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली. मास्तराच्या नशिबी जी कामं येतात त्यांतलं एक म्हणजे शिरगणती. आमचे आजोबा तिला खानेसुमारी म्हणायचे. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांना मी प्रगणक होतो. बगलेत तक्ते घेऊन मी वाड्यांवर दारोदार फिरलो आहे. त्या अनुभवावरून लोकसंख्या म्हणजे काय, ती वाढते कशी आणि मोजतात कशी, हे आज सांगणार आहे. त्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिलेली आहे, तीही सांगेन.

लोकसंख्या वाढली असं ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळणा येतो. लोकांना पोरं जास्त झाली, म्हणून माणसं वाढली, असं आपण सरळ धरून चालतो. पण कुठल्याही गावाचा हिशेब चार ओळींचा असतो. जन्म आणि बाहेरून आलेली माणसं, या जमेच्या दोन ओळी. मृत्यू आणि बाहेर गेलेली माणसं, या खर्चाच्या दोन. वजाबाकी करून जे उरतं ती वाढ. देशाचा हिशेब मांडताना येण्या-जाण्याच्या ओळी लहान असतात, म्हणून पाळणा मोठा दिसतो. गावाचा किंवा शहराचा हिशेब मांडायला घेतला, की येणं-जाणंच मोठं होऊन बसतं.

पिंपरी-चिंचवडचंच बघा. १९७१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या लाखाच्या आत होती. १९८१ ला ती अडीच लाख झाली, १९९१ ला पाच लाखांच्या वर, २००१ ला दहा लाख आणि २०११ ला १७ लाख २७ हजार. म्हणजे पहिली तीस वर्षं दर दहा वर्षांनी माणसं जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त होत गेली. नुसत्या पाळण्यानं असं होऊ शकतं का? हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या गावात हजार माणसांमागे वर्षाला चाळीस जन्म आणि दहा मृत्यू होतात. चाळीस जन्म म्हणजे भरपूरच झाले. तरी वाढ होते वर्षाला तीन टक्के, आणि त्या वेगानं दुप्पट व्हायला तेवीस-चोवीस वर्षं लागतात. दहा वर्षांत दुप्पट व्हायचं तर वर्षाला सात टक्के वाढ लागते. ती पाळण्यातून येत नाही, एसटीतून येते.

ती का आली, तेही उघड आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पिंपरीला तिचा पेनिसिलिनचा कारखाना आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळांवर मोटारींचे, स्कूटरींचे आणि त्यांना लागणाऱ्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. पुढं एका अंगाला हिंजवडीत संगणकाची कामं आली, दुसऱ्या अंगाला चाकणला नव्या गाड्यांचे कारखाने आले. इकडं १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं होतं. खडी फोडून हात सोलवटलेल्या माणसांना कारखान्याच्या भोंग्याची बातमी कळायला वेळ लागला नाही.

शहर वाढायचा आणखी एक मार्ग असतो. तिथं माणूस हलत नाही, हद्द हलते. १९९७ साली आजूबाजूची बरीच गावं महापालिकेत घेतली गेली. माझा मुलगा राहतो ती मोशी त्यांतलीच. काल गावकरी असलेला माणूस जागचा न उठता शहरवासी झाला आणि शहराच्या आकड्यात भर पडली. म्हणून शहराची वाढ वाचताना तीन प्रश्न विचारावेत. जन्मले किती, आले किती आणि हद्दीत घेतले किती?

आलेल्यांचं पुढं काय होतं, तेही लक्षात घेण्यासारखं आहे. म्हातारी माणसं सहसा गाव सोडत नाहीत, जातात ती वीस-पंचवीस वर्षांची पोरं. त्यांची लग्नं होतात आणि त्यांना मुलं तिथंच होतात. माझ्या नातवाचा जन्म भोसरीतला. त्याची नोंद शहराच्या जन्मांत पडली, आलेल्यांत नाही. म्हणजे आज जी येण्याची ओळ असते, तीच दहा वर्षांनी जन्माची ओळ होते. आणि इकडं आमच्या वाडीवर? म्हातारे उरल्यानं मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं आणि जन्म कमी. शहराच्या वहीत जे जमेला पडतं, ते कुणाच्या तरी गावाच्या वहीत खर्ची पडलेलं असतं.

कोकणात हे फार पूर्वीपासून दिसतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे चक्क घटले. रत्नागिरी जवळपास पाच टक्क्यांनी, सिंधुदुर्ग दोन टक्क्यांनी. गंमत म्हणजे याच काळात मुंबई शहर जिल्हाही साडेसात टक्क्यांनी घटला. गिरण्यांचा मुंबईचा दक्षिण भाग रिकामा होत गेला आणि माणसं ठाण्याच्या अंगाला सरकली. त्या वेळचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला.

आता आपल्या बीडकडं येऊ. १९९१ ला जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख २२ हजार होती, २००१ ला २१ लाख ६१ हजार आणि २०११ ला २५ लाख ८५ हजार. शेवटच्या दहा वर्षांत वाढ झाली १९.६ टक्के. राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. तुम्ही म्हणाल, मास्तर, आत्ता तर सांगितलंत की माणसं चालली आहेत, मग आकडा वाढला कसा?

याचं अर्धं उत्तर असं, की आमच्याकडचं मोठं स्थलांतर हंगामी आहे. माणूस पाच-सहा महिने जातो आणि परत येतो. उरलेलं अर्धं उत्तर 'कोयता' या शब्दात आहे. ऊसतोडीच्या धंद्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती या जोडीवर. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला भाव कमी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एकट्यानं हे काम उरकत नाही.

कोकणातला गडी एकटा मुंबईला जायचा आणि बायको गावी शेत सांभाळायची. म्हणून रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आमच्याकडं जोडी जाते. आणि जोडी लागते म्हणून लग्न लवकर लागतं. पोरगा हाताशी आला की त्याचा पूर्ण कोयता करायची घाई असते. पोरीच्या आई-बापांना दुसरी काळजी असते. सहा महिने फडावर जायचं, तर वयात आलेल्या पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? तिचे हात पिवळे करून मोकळं व्हायचं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के निघालं. बीडमध्ये ते जवळपास ४४ टक्के होतं, म्हणजे बरोबर दुप्पट.

लवकर लग्नाचा लोकसंख्येशी संबंध नीट समजून घ्यायला हवा. दोनच मुलं झाली तरी ती कोणत्या वयात झाली याला महत्त्व असतं. आई अठराव्या वर्षी झाली तर शंभर वर्षांत पाच पिढ्या बसतात, पंचविसाव्या वर्षी झाली तर चार. मुलं तेवढीच, पण पिढ्या दाटीनं येतात आणि एका वेळी जास्त माणसं हयात असतात. त्याच पाहणीत राज्यात एका स्त्रीला सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणजे पाळण्याचा जोर ओसरला आहे. तरीही आकडा काही वर्षं वाढतच राहतो, कारण आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आत्ता संसाराला लागत आहेत. गाडीचा ब्रेक दाबला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, तसंच हे.

बीडच्या आकड्यांत एक डाग आहे. तो झाकून पुढं जाता येणार नाही. २००१ ला शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ ला राहिल्या ८०७. राज्यात हे प्रमाण ८९४ होतं आणि आमचा जिल्हा सगळ्यांत तळाशी होता. निसर्गत: शंभर मुलींमागे एकशेपाचच्या आसपास मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशे मुली असायला हव्यात. मधल्या दीडशे मुली कुठं गेल्या? त्या कुठल्या ट्रॅक्टरमध्ये बसल्या नव्हत्या. स्थलांतर हे त्याचं उत्तर नव्हेच. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, १९९६ पासून लागू, २००३ साली आणखी कडक केलेला. तरी हे झालं. मला शाळेत ते आकड्याआधी दिसलं होतं. पहिलीच्या हजेरीपटावर मुलांची नावं पानभर चालायची आणि मुलींची अर्ध्या पानात संपायची. आम्ही मास्तर लोक ते बघत होतो आणि 'यंदा पोरी कमी आहेत' एवढं म्हणून पान उलटत होतो. माझ्या वाटणीची लाज मी इथं कबूल करतो.

त्या बातम्या देशभर गेल्या. पुढं सोनोग्राफी केंद्रांवर कारवाया झाल्या, खटले झाले. २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना ज्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत बीड होतं. पण जी मुलगी जन्मलीच नाही ती योजनेनं परत येत नाही. २०११ ला जी मुलं शून्य ते सहा वर्षांची होती, ती २०२७ मध्ये सोळा ते बावीस वर्षांची असतील. आमच्या भागात आज लग्नाची पोरं मुली मिळत नाहीत म्हणून हिंडताना दिसतात. त्यांच्या आई-बापांना मी ८०७ हा आकडा सांगतो. ते ऐकून गप्प बसतात.

आता मोजणीकडं येतो, कारण माझ्या मनाला लागलेली गोष्ट तिथली आहे.

आपल्याकडं १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. दुसरं महायुद्ध चालू असतानाही १९४१ ची चुकली नाही. मोजणी होते फेब्रुवारीत. २००१ आणि २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस ठरलेले होते. नियम असा, की माणूस नेहमी जिथं राहतो तिथं त्याला लिहायचं. पण या वीस दिवसांत तो घरी एकही दिवस नव्हता आणि परतणारही नाही, असं असेल तर त्याला घरी लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथला प्रगणक त्याला लिहील. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. आमच्या वाड्यांवर फेब्रुवारीत कुलपं असतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसं असतात.

फेब्रुवारी २०११ मधली गोष्ट. एका वाडीवर एक आजी ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. शेजारी तिसरीत शिकणारी नात. मी तक्ता काढला. आजी बोटावर मोजत सांगू लागल्या. थोरला, त्याची बायको, त्यांचा तान्हा. धाकटा, त्याची बायको. आणि आम्ही दोघी. सात. मी विचारलं, "ही सगळी आहेत कुठं?" म्हणाल्या, "कारखान्याला गेलीत की, कोल्लापूरच्या अंगाला. पाडव्याला येतील." मी म्हटलं, "आजी, मग मला तुम्हा दोघींनाच लिहावं लागेल." त्यांनी शेंग खाली ठेवली.

"गुर्जी, सात माणसांचं घर हाय आमचं. दोघीच कशा लिव्हता? बाकीची काय मेली का?"

मी त्यांना नियम समजावला. तिकडं फडावर मोजायला माणूस येईल, तो त्यांना लिहील, असं सांगितलं. आजींनी एकच विचारलं, "लिव्हंल का पर?" मी म्हटलं, "लिहील, आजी. नक्की लिहील."

एप्रिलमध्ये टोळी परतली. मी मुद्दाम त्या घरी गेलो आणि थोरल्याला विचारलं, "फडावर कुणी मोजायला आलं होतं का?" तो हसला. म्हणाला, "एक जण मुकादमाशी काही बोलून गेला गुर्जी. आमी तर पहाटं चारला फडात, कोपीवर कोण असणार?" त्याची बायको म्हणाली, तिला कुणी नाव विचारलेलं नाही. मुकादमानं सगळ्यांची नावं सांगितली असतील. नसतीलही. मी काही न बोलता चहा पिऊन उठलो. शिरगणतीत मी आकड्याची चूक केली नव्हती. पण एका म्हातारीला मी माझ्या हातात नसलेला शब्द दिला होता, आणि तिचे पाच जण देशाच्या वहीत आले की नाही, हे आजही माझ्या डोक्यात आहे.

पाच माणसांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. वाडीवर कुलपं पंचवीस असतात आणि प्रत्येक कुलपामागं पाच माणसं. आकड्यावर काय काय ठरतं बघा. ग्रामपंचायतीची लोकसंख्या पंधराशेच्या आत असेल तर सदस्य सात, पंधराशेच्या वर गेली तर नऊ. सपाट भागात आरोग्य उपकेंद्र पाच हजार वस्तीला, डोंगरी भागात तीन हजारांना. आशा ताई हजार वस्तीला एक. वित्त आयोगाचा पैसा गावाला येतो तोही लोकसंख्येच्या हिशेबानं. सहा महिने बाहेर असलेला माणूस बाकीचे सहा महिने याच उपकेंद्रात जातो, याच रस्त्यानं चालतो, याच विहिरीचं पाणी पितो. आणि बाहेर असतानाही त्याला दवाखाना, रेशन, पोरांना शाळा लागतेच. तो तिकडं लिहिला गेला, तर निदान तिकडच्या तालुक्याला कळतं की आपल्या उसात एवढी माणसं राहतात. तो कुठंच लिहिला गेला नाही, तर तो दोन्हीकडं असूनही कुठंच नसतो.

माझा एक विद्यार्थी शिकून कॅनडात टोरांटोला गेला. मागं गावी आला तेव्हा भेटला. बोलण्याच्या ओघात म्हणाला, "सर, आमच्या शहरात निम्मे लोक बाहेरून आलेले आहेत." मला अतिशयोक्ती वाटली. पण खरं आहे. कॅनडात दर पाच वर्षांनी जनगणना होते. २०२१ च्या मोजणीत टोरांटो महानगराची लोकसंख्या ६२ लाख निघाली आणि त्यांत परदेशातून येऊन स्थायिक झालेले होते शंभरात जवळपास ४७. म्हणजे आमच्या चौकातला पुण्याचा रस्ता जसा पिंपरी वाढवतो, तसा विमानतळ टोरांटो वाढवतो. पण मला त्यानं सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. तिथं माणूस नेहमी जिथं राहतो तिथंच लिहिला जातो, मग मोजणीच्या दिवशी तो कामासाठी परगावी असला तरी चालतं. घरातला माणूस त्याचं नाव भरतो. त्या देशात आमच्या आजींचे सातही जण घरीच लिहिले गेले असते. अर्थात, त्या पद्धतीत शहराला कळत नाही की मोसमात आपल्या हद्दीत किती परकी माणसं राबताहेत. प्रत्येक पद्धतीत कुणीतरी झाकलं जातं. कोण झाकलं जातंय, हे ओळखून त्याच्यापर्यंत मुद्दाम जायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

आपली २०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळं झाली नाही. १८८१ पासूनच्या रांगेतला पहिला खंड तो. १६ जून २०२५ रोजी नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली. तिचा संदर्भ दिवस आपल्यासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. घरांची यादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असा तिचा आराखडा. या वेळी कागदाच्या तक्त्याऐवजी मोबाइल आहे, लोकांना स्वत:ची माहिती स्वत: भरायची सोय आहे आणि जातीचीही नोंद होणार आहे. सोळा वर्षांनी देश स्वत:ची माणसं मोजतो आहे.

यात एक योगायोग बघा. घरयादीच्या उन्हाळी महिन्यांत टोळ्या गावात असतात. चूल पेटलेली, पोरं अंगणात. फेब्रुवारीत त्याच दारावर कुलूप. म्हणजे घर मोजलं जाणार आणि घरातली माणसं चारशे किलोमीटरवर. ही तफावत कुणाला नवी नाही. म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

जे हंगामाला जातात त्यांनी लक्षात ठेवावं, की फेब्रुवारीत फडावर मोजणारा आला तर तो आपला पाहुणा आहे. मुकादमानं नाव सांगितलं असेल, यावर विसंबू नका. पहाटे सगळे फडात जात असतील, तर त्या दिवसांत कोपीवर एक जाणतं माणूस ठेवा. त्याला घरातल्या सगळ्यांची नावं, वयं पाठ असू द्या; तान्ह्या पोराचं आणि पोरीचंही. पोरीचं नाव गाळू नका. कुणी आलंच नाही, तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जाऊन विचारा. माहिती सांगायला भिऊ नका. १९४८ च्या जनगणना कायद्यानं ती गुप्त असते, उचलीच्या वादात किंवा कोर्टात तुमच्याविरुद्ध ती वापरता येत नाही. जे गावात मागं राहतात त्यांनी गेलेल्यांची नावं घुसडू नयेत. पण कोण कुठं गेलंय ते प्रगणकाला खरं सांगावं. आणि साखरपट्ट्यातल्या माझ्या मास्तर बंधूंना हात जोडून विनंती, की कोप्यांवर दुपारी जाऊ नका, दुपारी तिथं फक्त कुत्री असतात. संध्याकाळी दिवेलागणीला जा. भाकरी थापायची वेळ असते, सगळे असतात.

ज्या आजींना मी शब्द दिला, त्या आता नाहीत. त्या दोघींपैकी दुसरी, ती तिसरीतली नात, आज चोविशीला आली आहे. टोळी गेली की गावातच हंगामी वसतिगृहात जेवून ती शिकली, बारावी झाली. आता ती आणि तिचा नवरा दोघंही भोसरीला कारखान्यात आहेत. २०११ ला तिचं नाव मी बीडच्या वहीत लिहिलं. २०२७ ला ते पिंपरी-चिंचवडच्या वहीत येईल. शहराच्या जमेला एक, आमच्या खर्चाला एक. तिच्याबद्दल मला काळजी नाही. भोसरीत तिच्या दाराला आकडा आहे, कुणीतरी बेल वाजवेल.

काळजी तिच्या चुलत्याची आहे. तो अजून कोयत्यालाच आहे. गेल्या खेपेला चौकात टोळी चहाला थांबली तेव्हा मी त्याच्या ट्रॉलीजवळ गेलो. म्हटलं, "फेब्रुवारीत मोजायला माणूस यायचा असतो. आपण होऊन नाव सांगायचं." तो हसून म्हणाला, "गुर्जी, आज्जीला तुमी सांगितलं हुतं, लिव्हतील म्हणून." त्याला ते आठवत होतं. मी म्हटलं, "म्हणूनच सांगतोय." ट्रॅक्टर पाटोद्याच्या रस्त्याला लागला. मागच्या ट्रॉलीत त्याच्या बायकोनं सगळ्यांची नावं दोनदा म्हणून घेतली, पोरीच्या नावासकट. ती मी ऐकली.

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)